आधी खोड सांगा

बैलबाजारात बैल विकणारा त्याची खोड कधी सांगत नाही. घेणाऱ्याने दात बघावेत, चार पावलं चालवून बघावं आणि पुढचं देवावर सोडावं. जुनी मोटारसायकल विकणाराही 'एकहाती गाडी आहे' एवढंच सांगतो. तो हात कसा होता, हे सांगत नाही. आमच्या वाद्यांच्या व्यवहारात मात्र सगळं उलटं चालतं. जुनी पेटी, तबला, मृदंग असं काही एका घरातून दुसऱ्या घरात जायचं असेल, तर देणाऱ्याने चार माणसांदेखत, आपल्या तोंडाने त्याची खोड सांगायची. घेणाऱ्याने ती ऐकायची आणि मग 'चालेल' म्हणायचं. खोड सांगितली नाही तर वाद्य जागचं हलत नाही. हा नियम कोणी केला, मला ठाऊक नाही. मी धंद्यात आलो तेव्हा तो होता आणि दुकान पुतण्याच्या हवाली करून मी घरी बसलो तेव्हाही होता.

माझं काम पेटी दुरुस्तीचं. पेटी म्हणजे हार्मोनियम, पण आमच्याकडे तिला त्या नावाने कोणी हाक मारत नाही. शेगावात स्टेशनकडून देवळाकडे येताना एक बोळ लागतो, त्यात माझं दुकान. जिल्ह्यातली भजनी मंडळं महाराजांच्या दर्शनाला येतात आणि येताना आजारी पेटी सोबत आणतात. रांग मोठी असली की माझं काम निवांत होतं. रांग लहान असली की मंडळी 'झाली का मिस्त्री, झाली का' करत दारात उभी राहतात. पेटी खोलली की आतून काय निघेल याचा नेम नाही. उंदराचं बाळंतपण तर नेहमीचंच. शिवाय विड्यांची थोटकं, रुद्राक्ष, लग्नातल्या अक्षता. एकदा एका पेटीतून अर्धी कवळी निघाली. ती कोणाची, यावरून त्या मंडळात जे भांडण लागलं ते पेटी दुरुस्त झाल्यावरही मिटलं नव्हतं.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. एका गावचे लोक म्हणाले, "शेजारच्या गावापेक्षा आमची पेटी मोठ्यानं वाजली पाहिजे." मी म्हटलं, "मग पेटी कशाला, भोंगा घ्या." ते रागावून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले, कारण जिल्ह्यात दुसरा मिस्त्री कोण होता! मला राग लवकर येतो आणि माझी जीभ बरी नाही, हे मला माहीत आहे. पण सुरात बसणारा माणूस गोडच बोलला पाहिजे, असं कुठे लिहिलेलं नाही.

ज्यांना पेटीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेटीच्या आत पितळेच्या बारीक पात्या असतात, त्यांना आम्ही सूर म्हणतो. मागच्या बाजूला घड्यांचा भाता असतो. डाव्या हाताने भाता मारला की हवा आत भरते. उजव्या हाताने पट्टी दाबली की ती हवा पातीतून बाहेर पडते आणि सूर बोलतो. पाती टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. शास्त्र एवढंच, बाकी सगळा कानाचा कारभार. ऐकणारे लोक उजव्या हाताकडे बघतात, कारण बोटं तिकडे पळत असतात. डाव्या हाताकडे कोणी ढुंकून बघत नाही. सूर उभा ठेवायचं काम मात्र तोच करतो.

तर आता धाडच्या साहेबरावांची हकीगत.

साहेबराव शेतकरी माणूस आणि गावच्या मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाचे पेटीवाले. वडिलांच्या वेळची जर्मन सुरांची पेटी त्यांच्याकडे होती. तसले सूर आता मिळत नाहीत. मिळाले तरी घेणाऱ्याने जमीन विकावी लागेल असे असतात. ती पेटी एसटीच्या टपावर चढवायला साहेबराव कधी तयार झाले नाहीत. म्हणून सप्ताहाच्या आधी मीच हत्यारांची पिशवी घेऊन धाडला जायचो आणि त्यांच्या ओसरीवर बसून सूर लावून द्यायचो. तेव्हाही भाता तेच मारायचे. माझा हात लागू द्यायचे नाहीत. "तुम्ही सूर पाहा मिस्त्री, भाता माझ्याकडं राहू द्या," असं म्हणायचे. आमच्या शेगाव-खामगावकडचं 'मले-तुले' तिकडे 'मला-तुला' होतं, पण ठसका तोच. माणूस ताठ. देवापुढे वाकायचा तोही मोजूनमापून. पण वाजवायला बसला की मी हातातलं काम थांबवून ऐकत बसायचो आणि परतीची एसटी चुकवायचो.

एका वर्षी सोयाबीनच्या दिवसांत मळणीयंत्रात त्यांचा डावा हात गेला. मनगटाच्या वरपासून गेला. मला फोनवर कळलं तेव्हा माझ्या मनात पहिली पेटी आली, माणूस नंतर आला. धंद्याने माणूस असा होतो.

उन्हाळा लागता लागता एका दुपारी साहेबरावांच्या पत्नी सुमनबाई एकट्याच दुकानात आल्या. धाडहून बुलढाणा, तिथून बोथ्याचा घाट उतरून खामगाव आणि मग शेगाव. चेहरा उन्हाने लाल झाला होता. मी पाणी दिलं आणि विचारलं, "दर्शन झालं का वहिनी?"

"दर्शन मागून," त्या म्हणाल्या. "आधी तुमच्याकडं काम हाय. मला भाता मारायला शिकवा."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. हात गेल्यावर महिना-दोन महिने पेटी झाकलेली होती. मंडळातल्या पोरांनी विजेवरचा कीबोर्ड आणून दिला. एकदा अभंगाच्या मध्येच वीज गेली आणि विठ्ठल अर्ध्यावर थांबला. साहेबरावांनी त्याच दिवशी तो कीबोर्ड पोरांना परत केला. मग सुमनबाई त्यांच्या डाव्या अंगाला बसून भाता मारू लागल्या. दुसऱ्या कोणाचा हात साहेबरावांना चालला नसता. भजनातही त्या तशाच बसत.

"पण सूर मधीच बसतो, मिस्त्री. चांगलं चालू असतं आन् एकदम खाली जातो. ते म्हणतात, तू दम तोडती. देवळात समद्यायच्या समोर बोलले. मी घरी कणीक मळता मळता बी हात हलवून पाहती, पण तिथं बसलं की तेच." त्यांनी पदराने घाम पुसला. "आता म्हणून राहिले, कोणाला तरी देऊन टाकतो पेटी. परवापासून झाकून ठेवली. बोलत नाहीत, धड जेवत नाहीत. हात गेला तवा बी असं केलं नव्हतं. पेटी घरातून गेली तर हा माणूस राहणार नाही."

मी दुकानातली एक पेटी पुढे ओढली. मी वाजवतो, तुम्ही मारा, असं म्हटलं. बाईंनी भाता धरला आणि मी दोन-चार भजनं वाजवली. लांब सूर धरले, मुद्दाम थांबलो, मुद्दाम घाई केली. सूर कुठेही बसला नाही.

"वहिनी, तुम्हाला तर येतं!" मी म्हणालो.

त्यांनी भाता पूर्ण उघडला, मिटला, पुन्हा पूर्ण उघडला. घड्यांच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "हा भाता नवा हाय का?" असं विचारलं. मी म्हटलं, "नवाच आहे, दिवाळीत लावला." मग मी माझं शहाणपण पाजळलं. साहेबराव रागावतात, तुम्ही घाबरता, त्यामुळे घरी हात आखडतो, असं समजावून सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "असंल." मग दर्शनाला गेल्या.

त्या गेल्यावर माझं कामात लक्ष लागेना. बाईंनी कितीही चांगला भाता मारला तरी साहेबरावांचं समाधान होणार नव्हतं, हे मला दिसत होतं. दुसऱ्याच्या भात्यावर वाजवणं म्हणजे दुसऱ्याने भरवलेला घास. पोट भरतं, पण कधी गिळायचं ते दुसरा ठरवतो. त्यांना हवी होती पायपेटी. तिचा भाता पायाने चालतो, शिवणयंत्रासारखा, आणि हात मोकळे राहतात. एकेकाळी नाटकवाल्यांकडे असायच्या. आता आमच्या जिल्ह्यात वाजत्या अवस्थेत मला एकच माहीत होती, ती पिंपळगाव राजाच्या हमीदभाईंकडे.

हमीदभाई शिंपी. दिवसभर दुकानात मशीन चालवायचे आणि उरुसात कव्वालीला पायपेटी. पाय कधी थांबतच नाहीत, असं लोक म्हणायचे. ती पेटी त्यांच्या उस्तादांची. उस्तादांनी शेवटच्या दिवसांत ती यांच्या स्वाधीन केली होती. अशी वस्तू मागायला जाताना माझ्यासारख्या तोंडाळ माणसाच्या तोंडालाही कोरड पडली. मी दुकानात जाऊन बसलो, हवापाण्याचं बोललो, चहा घेतला. हमीदभाई मशीन चालवतच होते.

"मिस्त्री, तुमी हवापान्यासाठी पिंपळगावले येनारे नाही," ते म्हणाले. "काय काम हाये?"

"पायपेटी द्याल का?"

"कोणाले?"

"धाडला एक जण आहे. त्याचा हात गेला, डावा."

मशीन थांबलं. मी घाईघाईने पुढे म्हणालो, "त्यांच्याकडे जर्मन सुरांची हातपेटी आहे. बदल्यात ती तुम्हाला देतील. मी अजून त्यांना विचारलं नाही, पण देतील."

"ते मी इचारलंच नाही. वाजवते कसा?"

"चांगलं वाजवतो."

"तुमचं चांगलं मले माहीत हाये, मिस्त्री. ज्याची पेटी चांगली, तो मानूस तुमाले चांगला. मी सोता ऐकीन."

मी भीतभीत विचारलं की पायपेटी दिल्यावर तुमचं कसं होईल, गुडघे वगैरे दुखतात म्हणून तर देत नाही ना. हमीदभाई चिडले. "गुडघे मजबूत हायेत माहे. मले दोन हात हायेत, दोन पाय हायेत. कोनतीबी पेटी चालते. त्याले ही एकच चालते. मंग माह्याकडं काऊन ठेवू? पन आदी ऐकीन. उस्तादाची चीज हाये, कोनाच्याबी दारात नाही ठेवत मी."

एवढंच बोलणं झालं. पैशाचा शब्द ना त्यांनी काढला ना मी. वाद्याच्या बदल्यात वाद्य देताना आमच्याकडे तो काढतच नाहीत.

साहेबरावांना राजी करायला जास्त वेळ लागला. फोनवर ते दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी सुमनबाईंनी फोन घेतला आणि "या तुम्ही घेऊन," म्हणून ठेवून दिला.

धाडच्या बाजाराच्या दिवशी आम्ही टेम्पोत पायपेटी घालून निघालो. मी म्हटलं होतं, आधी नुसतं जाऊन ऐकू, जमलं तर पेटी नंतर नेऊ. हमीदभाई म्हणाले, "मानूस वाट पाहून राह्यला असंल. रिकाम्या हातानं जाऊन त्याची परीक्षा घेऊ का? नाही जमलं तर वापस आनू." घाट चढताना ते टेम्पोच्या मागच्या बाजूला पेटीला धरून बसले होते. पुढे या म्हटलं तर आले नाहीत.

साहेबरावांच्या ओसरीवर सतरंजी टाकलेली होती. मंडळाचे विणेकरी गणपतराव आणि आणखी दोघे येऊन बसले होते. गणपतराव म्हातारे, सगळ्या गावात शब्दाला वजन असलेले. त्यांच्यासमोर झालेला व्यवहार पुन्हा कोणी उकरून काढत नाही. साहेबराव सदऱ्याची डावी बाही खाली सोडून बसले होते. बारीक झाले होते. जर्मन सुरांची पेटी मध्ये ठेवली होती.

हमीदभाई सरळ जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि भात्याला हात घातला. साहेबराव अवघडले. "पाव्हण्यानं भाता मारायचा का?"

"मी पाव्हना नाही, पेटीवाला हाये. वाजवा."

साहेबरावांनी सुरुवात केली. पहिली ओळ चांगली गेली. दुसऱ्या ओळीवर लांब सूर धरला आणि तो मध्येच खाली बसला. साहेबरावांनी सवयीने रागाने मान फिरवली, दाराकडे. सुमनबाई दारात उभ्या होत्या. भाता त्यांच्या हातात नव्हता. साहेबरावांच्या ते लक्षात आलं आणि ते हमीदभाईंना म्हणाले, "हातपेटीची सवय नसंल तुम्हाला."

"हाव, नसंल," हमीदभाई म्हणाले. त्यांनी भाता पुन्हा पूर्ण उघडून पाहिला, मिटला. माझ्याकडे एकदा बघितलं. मला त्याचा अर्थ कळला नाही. मग त्यांनी हात आखडता घेतला आणि लहान लहान, भराभर मारू लागले. त्यानंतर सूर एकदाही बसला नाही.

आणि साहेबराव वाजवायला लागले. किती महिन्यांनी ते असे वाजवत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. उजवा हात पट्ट्यांवरून फिरत होता. गणपतरावांनी डोळे मिटले. हमीदभाईंनी तर कधीच मिटले होते. भजन संपलं. मग हमीदभाई म्हणाले, "बस. पायपेटी यांची."

मी सुटकेचा श्वास सोडला. पण अजून खोड सांगायची बाकी होती.

आधी हमीदभाईंनी आपल्या पेटीची सांगितली. डाव्या पायाच्या फळीचा पट्टा उन्हाळ्यात सैल होतो, तो दर वर्षी ओढावा लागतो. वरच्या सप्तकातला धैवत थोडा उशिरा बोलतो. "आन् सगळ्यात मोठी खोड म्हंजे," ते म्हणाले, "हिच्यावर वाजवाले खुर्ची लागते. भजनात सगळे खाली आन् तुमी एकटे वर. लोक पुढाऱ्यासारखं पाह्यतीन तुमच्याकडं." सगळे हसले. साहेबरावही थोडे हसले. म्हणाले, "चालंल."

"आता तुमच्या पेटीची सांगा," गणपतराव म्हणाले.

साहेबरावांनी पेटीवर हात ठेवला. "हिला खोड नाही."

बाहेरच्या वाचकाला यात काय बिघडलं, ते कळणार नाही. पण आमच्यात 'खोड नाही' हे सगळ्यात वाईट उत्तर. ज्याला आपल्या वाद्याची खोड सांगता येत नाही, त्याने एक तर ते मनापासून वाजवलेलं नाही किंवा तो लपवतो आहे. पहिलं खरं नव्हतं, हे आत्ताच सगळ्यांनी ऐकलं होतं. मग उरलं काय? गणपतरावांनी मान खाली घातली. म्हणाले, "साहेबराव, आठवून पाहा."

"काय आठवू? इतकी वर्षं वाजवली. असती तर मला कळली नसती का?" त्यांचा आवाज चढला. "खोटी खोड सांगू का आता?"

माणूस खरं बोलत होता, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण नियम नियमच. खोड न सांगता पेटी हलणार नाही. ती हलली नाही तर पायपेटी टेम्पोत बसून पिंपळगावला परत जाणार. दारात सुमनबाईंनी चौकटीचा कोपरा घट्ट धरला होता.

हमीदभाई उठले. पेटीच्या पट्ट्यांकडच्या बाजूला, साहेबरावांच्या जागी येऊन बसले. "तुमी समोर बसा," ते साहेबरावांना म्हणाले. "आता मी वाजवतो. भाता तुमी मारा. उजव्या हातानं."

साहेबराव समोर जाऊन बसले. हात गेल्यापासून त्यांनी भात्याला बोट लावलं नव्हतं. उजव्या हाताने त्यांनी तो धरला, जरा चाचपडले आणि मारायला लागले. हमीदभाईंनी एक सूर धरून ठेवला. सूर उभा राहिला आणि मग बसला. साहेबरावांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पुन्हा मारला. पुन्हा बसला. आता ते थांबले. त्यांनी भाता हळूहळू पूर्ण उघडला, वाकले आणि खालच्या घडीच्या कोपऱ्याला गाल लावून भाता मिटला. बराच वेळ तसेच वाकून राहिले. मीही पुढे सरकून हात लावून पाहिला. घडी पूर्ण उघडली की कोपऱ्याचं चामडं उकलत होतं आणि तिथून हवा जात होती. भाता थोडा कमी उघडला तर ते उकलत नव्हतं, आणि कोणाला काही कळत नव्हतं.

त्यांचा डावा हात इतकी वर्षं भाता कधी पूर्ण उघडतच नव्हता. त्या हाताने ती खोड ओळखली होती आणि सांभाळून घेतली होती. साहेबरावांना त्याने ते कधी कळू दिलं नाही. भाता मारून बघायची संधी मला कधी मिळालीच नव्हती, म्हणून मलाही कळलं नाही. हमीदभाईंना दोन भाते मारताच कळलं. तिथेच बोलले असते तर साहेबराव चार माणसांत खोटे ठरले असते आणि गप्प बसले असते तर नियम मोडला असता. म्हणून त्यांनी भाताच त्यांच्या हातात दिला.

साहेबराव ताठ बसले. गणपतरावांकडे बघून म्हणाले, "खालच्या कोपऱ्यातून हवा जाती. भाता पूर्ण उघडला की सूर बसतो." आवाज एकदम बारीक झाला होता. "माझ्या हाताला माहीत होतं. मला नव्हतं."

"चार मानसायनं ऐकलं?" हमीदभाईंनी विचारलं.

"ऐकलं," गणपतराव म्हणाले.

"चालते मले. पेटी माही झाली."

मी लगेच म्हणालो की उद्याच नवा भाता लावून देतो, एकही पैसा घेणार नाही. हमीदभाई म्हणाले, "मिस्त्री, इतक्या वर्सांत तुमाले दिसलं नाही, आता घाई काऊन करता? राहू द्या. माहाबी हात शिकंल." सगळे हसले आणि मीही हसलो. दुसरं करणार काय?

मग घरातून लाकडी खुर्ची आणली. पायपेटी उघडून मांडली. साहेबराव खुर्चीवर बसले. पाय खालच्या फळ्यांवर ठेवले. उजवा हात वर नेला आणि तसाच धरून ठेवला. सुमनबाई चहाचे कप गोळा करायला बाहेर आल्या होत्या.

"सुमन," त्यांनी हाक मारली. चार माणसांत ते बायकोला नावाने हाक मारताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "तू भाता बरोबर मारत होती. खोड पेटीत होती."

"माहीत हाय मला," बाई कप उचलत म्हणाल्या. "मिस्त्रीच्या दुकानातच कळलं होतं."

साहेबराव त्यांच्याकडे बघतच राहिले. मीही बघत राहिलो. घड्यांवरून फिरणारं त्यांचं बोट मला आत्ता दिसलं.

"मंग सांगितलं काऊन नाही?" साहेबराव म्हणाले. "इतकं बोलून घेतलं माझं."

सुमनबाईंनी कप खाली ठेवले. "हात गेला होता तुमचा," त्या म्हणाल्या. "त्यात तुमची पेटी बी खोटी हाय, असं कोणत्या तोंडानं सांगू?"

त्या कप घेऊन आत गेल्या. आम्ही कोणी एकमेकांकडे बघितलं नाही. मग साहेबरावांनी पाय चालू केले.